फूल पडायच्या आत

सुगीच्या दिवसांत कुणाच्या डोळ्यात कुसळ गेलं, की माणूस डोळा धरून तळवड्याच्या यशोदाबाईच्या दारात यायचं. बाई हातातलं काम टाकायची, चूळ भरायची आणि त्याला उजेडाकडं तोंड करून ओट्यावर बसवायची. दोन बोटांनी पापणी उलटून जिभेच्या टोकानं डोळा असा अलगद पुसून घ्यायची, की माणसाला कळायच्या आत कुसळ तिच्या जिभेवर आलेलं असायचं. हे तिला तिच्या आईनं शिकवलं होतं. त्यासाठी तिनं कुणाकडून सुपारीचं खांडसुद्धा कधी घेतलं नाही. "डोळ्याचं काम हाय, त्याचं काय घ्यायचं न्हाई," म्हणायची.

त्या साली शाळू, म्हणजे रब्बीचा जोंधळा, झकास आला होता. ताटं डोक्याच्या वर गेलेली, कणसं मुठीत मावत नव्हती. माघाचं ऊन चढायच्या आत घरातली चौघंही रानात उतरायची. यशोदाबाई, तिचा नवरा कोंडाजी, लेक मालोजी आणि सून विमल. शाळू मुळासकट उपटायचा; ताट मुठीत धरायचं, पाय रोवायचा आणि कमरेतनं झटका द्यायचा. दिवस मावळेपर्यंत तळव्यांची सालटी निघत. विमल सगळ्यांत पुढं असायची. ती आपल्या पातीला, म्हणजे ओळीला, लागली की कोंडाजीही मागं पडायचा आणि ते त्याला आतून आवडायचं, पण बोलून दाखवायचा नाही.

त्या दिवशी तिनं ताटाला झटका दिला, तसं शेजारच्या ताटाचं वाळलेलं पान उसळून आलं आणि तिच्या उजव्या डोळ्यावरनं सर्रकन ओढलं गेलं.

"आई गं!" ती खाली बसली.

यशोदाबाई धावली. बांधावर नेऊन तिनं सुनेचा डोळा उघडला. पापणीच्या आत पानाचं बारीक तूस अडकलं होतं. तिनं तांब्यातल्या पाण्यानं चूळ भरली, जीभ लावली आणि तूस काढून बोटावर घेऊन दाखवलं. "ह्ये बघ. गेलं बघ."

"खुपतंय आजून, आत्याबाई."

"पानानं वरखाडलंय. उद्यापतुर बरं वाटंल."

दुसऱ्या दिवशी डोळा लालभडक झाला आणि पाण्याची धार लागली. यशोदाबाईनं दुधात भिजवलेली पट्टी बांधली. तशीच, एका डोळ्यानं, विमल शाळू उपटत राहिली. तिसऱ्या दिवशी ती बोलेनाशी झाली. उजेडाकडं पाठ करून चुलीपाशी बसली. पट्टी सोडली तर पापण्या पिवळ्या पुवानं चिकटलेल्या. यशोदाबाईनं कोमट पाण्यानं त्या हळूहळू सोडवल्या आणि डोळ्यात बघितलं, तशी तिच्या हातातली वाटी लवंडली.

बुबुळाच्या काळ्यावर, मध्यापासून जरा बाजूला, तांदळाच्या कणीएवढा पांढरा ठिपका होता. आणि काळ्याच्या तळाशी, नखाच्या कोरीसारखी, पांढरी रेघ साचली होती.

इतकी वर्षं डोळे बघितलेली बाई. बुबुळावर फूल पडलं की ते जन्माचं, हे तिला कुणी सांगायला नको होतं. गावात फूल पडलेली माणसं होती. एका डोळ्यानं चाचपडत, कुणाच्या तरी खांद्यावर हात ठेवून चालणारी.

ती तशीच रानात गेली. "आवो, गाडी जुपा. पोरीला दवाखान्यात न्यायची हाय."

कोंडाजीनं ताट उपटलं, माती झाडली. "दवाखान्यात? भगताला बोलवू की सांच्याला. शाळू बघ कसा कडक झालाय. आज-उद्या पदरात पडला न्हाई तर पाखरं खात्याल, कणसं झडत्याल."

"झडू द्या."

"झडू द्या म्हंजे? येडी हायेस का?"

"शाळू पुढल्या साली पेरता येतो. डोळा पेरता येतो का?"

कोंडाजीनं हातातलं ताट पेंढीवर ठेवलं. ही बाई आवाज चढवून बोलली असती तर तोही चढला असता. पण ती हळू बोलली. मालोजीनं हातातली पेंढी टाकली. सुगी नसली की तो पिंपरीच्या माळावर औषधाच्या कारखान्याच्या बांधकामावर जायचा. म्हणाला, "आये, तिथंच निर्वासितांच्या कँपात धर्माचा दवाखाना हाय. आमच्यातल्या एका गड्याच्या डोळ्यात चुना गेला व्हता. तिथल्या डॉक्टरीणबाईनं त्याचा डोळा वाचवला."

"मग उभा का? बैलं आण."

वाटेत गाडीला हिसका बसला की विमल दात आवळायची. यशोदाबाईनं तिचं डोकं मांडीवर घेतलं होतं आणि आपला पदर दुहेरी करून डोळ्यांवर धरला होता, उजेड लागू नये म्हणून. सगळ्या वाटेत ती एकदाच बोलली. "म्या पट्टी बांधाय नको व्हती."

दवाखाना म्हणजे कँपातली एक लांब बराक होती. पुढं ओसरी, आत दोन खोल्या, मागं डॉक्टरीणबाईंचं बिऱ्हाड. कुसुमताई म्हणत त्यांना. अंगानं काटकुळ्या, जाड काचेचा चष्मा, बोलणं हळू. पुण्याच्या मोठ्या इस्पितळात डोळ्यांचं शिकून त्या इथं येऊन राहिल्या होत्या. ओसरीवर रांग होती, पण विमलला बघताच त्यांनी तिला आत घेतलं. साबणानं कोपरापर्यंत हात धुतले, पुसले आणि मग विचारलं, "कशानं लागलं?"

"शाळूचं पान," मालोजी म्हणाला.

"डोळ्यात काय काय घातलं?"

विमलच म्हणाली, "काय न्हाई, बाई. नुसतं पाणी."

यशोदाबाईनं सुनेकडं बघितलं. डोळ्याची आग आग होत असताना पोरगी सासूला झाकत होती. यशोदाबाईनं डोक्यावरचा पदर सारखा केला.

"ती खोटं बोलती, बाई. पान लागल्यावर म्या जिभेनं तूस काढलं. मग दुधाची पट्टी बांधली. दोन दिस बांधलेली व्हती."

मालोजीनं मान खाली घातली. आता डॉक्टरीणबाई काय बोलते याची यशोदाबाई वाट बघत उभी राहिली. कुसुमताई म्हणाल्या, "बरं झालं सांगितलंत. हे कळलं नसतं तर मी चाचपडत बसले असते." आणि कामाला लागल्या.

आधी त्यांनी डोळा बधिर केला. नाकाजवळचा डोळ्याचा कोपरा, अश्रूंची पिशवी असते तिथं, दाबून बघितला. तिथनं पू आला नाही तशी मान हलवली. मग नारिंगी रंगाचा एक थेंब डोळ्यात सोडला, पाण्यानं धुतला आणि बॅटरीचा झोत टाकला. बुबुळावर, बरोबर त्या ठिपक्याच्या जागी, हिरवंगार झालं. पोपटाच्या पिसासारखं.

"बघा," त्या यशोदाबाईला म्हणाल्या. "जिथं बुबुळाची साल गेलीय, तिथंच हा रंग धरतो. एवढी जखम आहे."

मग बारीक पात्यानं त्यांनी जखमेच्या कडेचा कणभर पू काचेच्या पट्टीवर घेतला. विमलनं मालोजीचं मनगट असं धरलं होतं की नखं रुतली. कुसुमताईंनी काच दिव्यावर धरून वाळवली, तिच्यावर जांभळा रंग ओतला, धुतला, पुन्हा दुसरा रंग ओतला. हिवतापाचं रक्त तपासायची दुर्बीण टेबलावर होती, तिच्याखाली काच सरकवून त्या बराच वेळ एका डोळ्यानं बघत राहिल्या. यशोदाबाईला वाटलं, ही बाई आता मान वर करते की नाही.

त्यांनी मान वर केली तेव्हा चेहरा जरा सैल झाला होता. "या, तुम्हीही बघा."

"मी?"

"डोळा मिटू नका. आत बघा."

यशोदाबाई वाकली. आधी काहीच दिसेना. मग उजेडाचं गोल ताट दिसलं आणि त्याच्यात जांभळे ठिपके. जोडीजोडीनं चिकटलेले, टोकाला जरा निमुळते. कुणी जोंधळ्याचे दाणे दोन-दोन करून मांडावेत तसे. पुष्कळ.

"ह्ये काय हाय?"

"जंतू. पानानं साल काढली. नुसती साल असती तर दोन दिवसांत भरून आली असती. पण त्या उघड्या जागेतनं हे आत शिरले. बांधलेल्या पट्टीत ऊब मिळाली, वाढले. त्यांचाच तो पू, आणि तळाला साचलेली रेघही."

"माज्या तोंडातलं हायेत का ह्ये?" यशोदाबाईनं सरळ विचारलं.

कुसुमताई म्हणाल्या, "असतील. तिच्या स्वतःच्या नाकातले असतील, हातावरचे असतील. हे माझ्याही तोंडात आहेत. तोंडात असतात तोवर काही करत नाहीत. हे अमक्याचेच, असं मला सांगता येणार नाही, आणि तुम्हाला बरं वाटावं म्हणून मी खोटंही बोलणार नाही. पण जखम झालेल्या डोळ्याला जीभ लावू नये, एवढं खरं."

यशोदाबाईनं मान हलवली.

"आणि आता चांगलं ऐका," कुसुमताई म्हणाल्या. "पाल्याच्या जखमेत कधी बुरशी धरते. ती असती तर माझ्याकडं तिच्यावर धड औषध नव्हतं. म्हणून मी एवढा वेळ बघत होते. ही बुरशी नाही. यांच्यावर माझ्याकडं औषध आहे. पेनिसिलीन."

पहिली सुई त्यांनी डोळ्याच्या पांढऱ्या भागातच, वरच्या पातळ पडद्याखाली दिली. मालोजी बाहेर निघून गेला. यशोदाबाई गेली नाही. तिनं विमलचं डोकं दोन्ही हातांनी धरलं, आणि सुई आत जाताना पोरीच्या अंगातनं गेलेली कळ तिच्या तळहातांना कळली. पण विमल हलली नाही. "शाबास," कुसुमताई म्हणाल्या. "असं धीराचं माणूस असलं की माझा हात कापत नाही."

घरी जाऊन चालणार नव्हतं. औषधाचे थेंब घटकेघटकेला घालायचे होते, दिवसा आणि रात्रीही. वर बाहुली मोठी करणारं दुसरं औषध, डोळ्याला आतनं विसावा मिळावा म्हणून. पट्टी अजिबात नाही; नुसती सावली. आणि पेनिसिलीन पाण्यात कालवलं की ते गारच राहिलं पाहिजे, उन्हानं त्याची ताकद जाते. दवाखान्यात बर्फ नव्हता. यशोदाबाईनं मालोजीकडून नदीची वाळू आणवली, पसरट मडक्यात ओली करून भरली आणि औषधाची बाटली तिच्यात गळ्यापर्यंत पुरली. वाळू सुकली की पाणी शिंपायची.

थेंब घालायला कुसुमताईंनी तिला शिकवलं. खालची पापणी बोटानं ओढायची, तिथं झालेल्या खोबणीत थेंब सोडायचा, नळीचं टोक कशालाच लागू द्यायचं नाही. आणि दर वेळी आधी हात साबणानं. शेणामातीत, निखाऱ्यात फिरलेले ते हात. दुसऱ्या दिवसापर्यंत साबणानं त्यांच्या भेगा उघडल्या, रक्त दिसायला लागलं. ती हात धुवायची थांबली नाही. ओसरीच्या कोपऱ्यात खाटेशेजारी ती नुसती बसून असायची. झोप आली की उभी राहायची. उभ्यानंही डुलकी यायला लागली की खांबाला पाठ न लावता पुढं झुकायची, म्हणजे तोल गेला की जाग यायची. कुसुमताई मध्येच उठून यायच्या, बॅटरीनं बघायच्या आणि तिला म्हणायच्या, "आता मी घालते, तुम्ही पडा." यशोदाबाई पडायची, पण डोळे उघडेच.

दुसऱ्या दिवशी दुपारी कासारवाडीहून विमलचा बाप आला. रंगराव. त्याला कुणीतरी वाटेत सगळं सांगितलं होतं. ओसरीची पायरी चढतानाच त्याचा आवाज चढला.

"यशोदाबाई! आमी पोरगी दिली ती नांदायला दिली व्हती, आंधळी करायला न्हाई! कुत्र्यावानी डोळा चाटलासा आन् नासवलासा!"

रांगेतली पोरं आयांच्या आड सरली. मालोजी पुढं झाला, तसा यशोदाबाईनं त्याला हातानं मागं सारला.

"व्हय, व्याही," ती म्हणाली. "म्या जीभ लावली. तुमी बोलताय त्यातलं मला कायबी खोटं पाडता यायचं न्हाई."

रंगरावाला भांडण हवं होतं, ते मिळेना. तो खाटेकडं वळला. विमलची पापणी वर करून बघितली. ठिपका होता तसाच, आणि तळाची पांढरी रेघ कालच्यापेक्षा जाडच. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "ऊठ पोरी. चाकणला एक वैदू हाय, अंजन घालतो. ऊठ."

"व्याही, मला काय बोलायचं ते बोला. पायातलं काढून हाना," यशोदाबाई म्हणाली. "पर पोरीला हालवू नका. बाईनं डोळ्यातलं किडं आपल्या डोळ्यानं बघितल्यात. म्याबी बघितल्यात. कशाशी झुंजायचंय ते तिला ठावं हाय. वैदूला ठावं न्हाई. मलाबी ठावं नव्हतं."

"आता तुमचं ऐकू व्हय?"

"माजं नका ऐकू. लेकीचं ऐका."

विमल उठून बसली होती. तोंड सुजलेलं, डोळ्यावर सावलीचा पुठ्ठा. "दादा, मी हितंच ऱ्हानार हाय."

कुसुमताई आतनं सगळं ऐकत होत्या. बाहेर येऊन त्यांनी रंगरावासमोर हात जोडले. "तुमची मुलगी आहे, तुम्हाला भीती वाटणारच. मलाही वाटतेय. औषध चालू होऊन पुरता दिवस झालेला नाही. उद्या सकाळपर्यंत मला द्या. पू कमी झाला नाही, तर मी स्वतः तुमच्याबरोबर तिला पुण्याला घेऊन जाते. दवाखाना बंद ठेवून."

रंगराव पायरीवर बसला. बराच वेळ पागोट्याच्या शेवानं तोंड पुसत राहिला. मडक्यातली वाळू सुकून पांढरी पडायला लागली होती. यशोदाबाई थेंब घालत होती, तिचे हात गुंतले होते. रंगराव उठला, बादलीतनं ओंजळ भरली आणि वाळूवर पाणी शिंपलं. त्यानंतर वाळू सुकली नाही, ती त्यानं सुकू दिली नाही.

सकाळी कुसुमताईंनी चहासुद्धा घेतला नव्हता. झोत टाकला, वाकल्या, चष्मा काढून पुसला, पुन्हा वाकल्या. यशोदाबाई त्यांच्या तोंडाकडं बघत होती, डोळ्याकडं बघायचा तिला धीर नव्हता.

"तळाची रेघ बारीक झालीय," कुसुमताई म्हणाल्या. "जखमेच्या कडा साफ दिसतायत. डोळा राहणार."

रंगरावानं यशोदाबाईकडं बघितलं. म्हणाला, "इहीणबाई, तुमी जरा निजा आता. थेंब मी घालतो, बाईनं दाखवलं तर."

मग रोज हिरवा ठिपका आकसत गेला. तांदळाच्या कणीएवढा होता तो राळ्याएवढा झाला, राळ्याचा खसखशीएवढा. मालोजी येऊन-जाऊन गावची खबर सांगायचा. गावकीनं इर्जिक घालून त्यांचा शाळू काढला होता. आपापलं रान टाकून माणसं आली होती. "आपल्या डोळ्यातलं कुसळ काढलेली बाई हाय, म्हनत व्हती," मालोजी म्हणाला. यशोदाबाईला ते ऐकवेना. तिनं तोंड फिरवलं.

आणि एका दुपारी शेजारच्या गावची सावित्रीबाई दवाखान्याच्या ओसरीवर आली, नवऱ्याचा हात धरून. त्याच्या डोळ्यात मळणीचं फोलपट गेलं होतं. "तळवड्याला गेलो तर कळलं तू हितं हायेस," ती यशोदाबाईला म्हणाली. "बघ बाई, तेवढं काढून दे. लगी माघारी जातो आमी."

दवाखान्याच्या ओसरीवर, डॉक्टरीणबाईच्या दारात! रांगेतलं कुणीतरी हसलं. यशोदाबाई उठली. माणसाच्या डोळ्याकडं तिनं जवळनं बघितलं, बोट मात्र लावलं नाही.

"मी आता जीभ लावत न्हाई, सावित्रे."

"का? धा दिस दवाखान्यात बसून डॉक्टरीण झालीस व्हय?"

"न्हाई गं. ती बघ माजी सून. पान लागल्यालं, म्या जीभ लावली, आन् डोळा जाता जाता ऱ्हायला. आजवर कुनाकुनाला म्या आसं केलं आसंल, द्येवाला ठावं. चांगलंच करतीया आसं वाटायचं." तिचा आवाज सगळ्यांना ऐकू जाईल एवढा होता, तिनं तो दबवला नाही. "चल, बाईकडं चल. मी संगं येती."

सावित्रीबाईला ते रुचलं नाही. तरी ती आत गेली. कुसुमताईंनी पाण्याची पिचकारी मारून फोलपट काढलं, नारिंगी थेंब सोडून बघितलं. कुठं हिरवं धरलं नाही. सगळा वेळ बॅटरी यशोदाबाईच्या हातात होती. काम झाल्यावर कुसुमताई म्हणाल्या, "लोक आधी तुमच्याकडं येतात. येऊ द्यात. स्वच्छ पाण्यानं डोळा धुवा, आणि दुसऱ्या दिवशी लाल राहिला तर माझ्याकडं पाठवा. तुम्ही सांगितलं तर येतील. मी सांगून येणार नाहीत."

"पाठवीन," यशोदाबाई म्हणाली. "न्हाई आली तर धरून आणीन."

घरी निघायच्या दिवशी कुसुमताईंनी विमलचा चांगला डोळा झाकला आणि ओसरीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बोटं दाखवली. विमलनं सांगितली. आणखी लांब, विहिरीपाशी जाऊन दाखवली. तीही सांगितली. बुबुळावर कडेला एक फिकट डाग राहणार होता, धुक्यासारखा; नजरेच्या आड येणार नव्हता. यशोदाबाई त्यांच्या पाया पडायला वाकली, तशी कुसुमताईंनी तिला दंडाला धरून वर घेतलं आणि तिच्या भेगाळलेल्या हातांना खोबरेल तेल लावायला सांगितलं.

गाडी तळवड्याच्या शिवारात शिरली तेव्हा रानं मोकळी झाली होती. नुसती धसकटं उरली होती. लांब खळ्यात कडब्याची गंज दिसत होती. यशोदाबाईनं डोळे बारीक केले. "कोन उभं हाय गं तिथं गंजीपाशी?"

विमलनं डाव्या डोळ्यावर तळहात ठेवला आणि उजव्यानं बघितलं. जरा वेळ लागला.

"मामंजी हायेत."

"काय करत्यात?"

"वाट बघत्यात. आत्याबाई, त्यांच्या डोक्याला पटका न्हाई."

"आसं कसं? चारचौघांत बोडकं उभं ऱ्हायचं मानूस न्हाई ते."

"हातात घेतलाय," विमल म्हणाली. "वर धरून हलवत्यात आपल्याला."

यशोदाबाईला ते एवढ्या लांबचं दिसलं नाही. मालोजीनं बैलांना हाक दिली. ती सुनेच्या खांद्याला धरून गाडीत उभी राहिली आणि विमल दाखवील त्या दिशेला हात हलवू लागली.